पक्ष नऊ, तरी 'एकपक्षीय' कसं?

प्रश्न : चीनमध्ये कम्युनिस्ट पक्षाखेरीज आणखी आठ पक्ष आहेत, तरी त्या देशाला एकपक्षीय म्हणतात. आपल्याकडे नेहरूंच्या काळात कितीतरी पक्ष होते, तरी त्या काळालाही काही जण तेच म्हणतात. खरं काय? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पक्ष किती, ते मोजू नका. सत्तेतल्या पक्षाला हटवून त्याच्या जागी यायची कायदेशीर वाट दुसऱ्या कुणाला मोकळी आहे का, ते पाहा. चीनमधल्या त्या आठ पक्षांना ती नाही. कम्युनिस्ट पक्षाचं नेतृत्व मान्य करूनच ते टिकून आहेत, आणि २०१८च्या दुरुस्तीने ते नेतृत्व राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात घातलं गेलं. पूर्व जर्मनीतही पाच पक्ष होते. पण मतदाराच्या हाती एकच संयुक्त यादी पडे. ती दुमडून पेटीत टाकली की मतदान झालं. आडोशाला जाऊन नावं खोडणारा लगेच नजरेत येई.

वर्गात मी टांझानियाचं उदाहरण मात्र सावकाश सांगत असे. १९६५मध्ये ज्युलियस न्येरेरे यांच्या सरकारने तिथे कायद्यानेच एकपक्षीय राज्य आणलं. मुख्य भूमीवर 'टानू' हा एकच पक्ष उरला. तरी त्याच वर्षीच्या निवडणुकीत चुरस होती. बहुतेक मतदारसंघांत टानूचेच दोन उमेदवार आमनेसामने, एकाची निशाणी कुदळ, दुसऱ्याची घर. लोकांनी चक्क दोन मंत्री पाडले! म्हणजे माणूस बदलता येत होता; पक्ष आणि धोरण नाही. राष्ट्राध्यक्षपदासाठी तर एकच नाव, त्यावर फक्त हो किंवा नाही. न्येरेरेंच्या साधेपणाबद्दल, सचोटीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण नेता सचोटीचा असला म्हणून लोकांना दुसरा पर्याय नको, हे मला कधीच पटलं नाही. तिथे इतर पक्षांना मुभा मिळायला १९९२ उजाडलं.

आता आपल्याकडचं. १९५२मध्ये काँग्रेसला लोकसभेच्या ४८९पैकी ३६४ जागा मिळाल्या, पण मतं सुमारे ४५ टक्केच. १९५७मध्ये केरळात नंबुदिरीपाद यांच्या नेतृत्वाखाली कम्युनिस्टांचं सरकार आलं. त्याच वर्षी संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत मुंबईतून डांगे आणि राजापुरातून नाथ पै लोकसभेवर गेले. माझे वडील तेव्हा समितीची पत्रकं घेऊन गिरगावच्या चाळी पालथ्या घालत. त्या काळाला एकपक्षीय म्हटलं की अशा हजारोंची धडपड पुसली जाते, म्हणून मला ते खुपतं. राज्यशास्त्राचे अभ्यासक रजनी कोठारी यांनी १९६४मध्ये या व्यवस्थेला 'काँग्रेस सिस्टिम' म्हटलं होतं. मराठीत तिला 'एकपक्षप्रधान पद्धती' म्हणावं.

केरळचं ते सरकार केंद्राने १९५९मध्ये बरखास्त केलं, याकडे कुणी बोट दाखवील. तो अन्यायच होता. पण पुढे १९६७मध्ये तेच नंबुदिरीपाद निवडणूक जिंकून पुन्हा मुख्यमंत्री झाले.