वरचा मजला चढवायचा की मोठा फ्लॅट घ्यायचा?

"मॅडम, घर पुरेना झालंय, वरती बांधू की फ्लॅट घेऊ?" हे विचारायला खरं तर इंजिनिअरकडे जायला पाहिजे, पण लोक माझ्यासारख्या समुपदेशकाकडे येतात, कारण तोपर्यंत घरात त्यावरनं बोलणंच बंद झालेलं असतं.

असंच एक जोडपं, बेळगावातल्या वडगावचं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). तो उद्यमबागला सुपरवायझर, ती शाळेत शिकवते, दोन मुलं, सासू-सासरे आणि सगळ्यांना मिळून तीन खोल्या. सासऱ्यांचं म्हणणं जागा आपलीच आहे, वरती चढवा की. हिला टिळकवाडीत फ्लॅट पाहिजे. नवरा मधल्यामधे.

आधी आकडे लिहायला लावले. फ्लॅट 60 लाखांचा. 30 ते 75 लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमानं बँक किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच देते, म्हणजे 12 लाख स्वतःचे. त्यावर कर्नाटकात स्टॅम्प ड्युटी 5 टक्के, तिच्यावर सेस-सरचार्ज, आणि नोंदणी फी ऑगस्ट 2025 अखेर 1 ची 2 टक्के झाली, सगळं मिळून साडेचार लाख, आणि हे बँक किमतीत धरतच नाही. म्हणजे साडेसोळा लाख रोख, वर 48 लाखांच्या कर्जाचा हप्ता, 9 टक्के व्याज आणि 20 वर्षं धरली तरी महिना 43 हजार! तिकडं मजल्याचा गवंड्याचा अंदाज जिना-टाकीसकट 17 लाख. म्हणजे फ्लॅटला नुसतं खिशातनं जे जाणार जवळजवळ तेवढ्यात मजलाच उभा. नवरा खूश, "बघ, बाबा काय म्हणत होते." ती गप्प.

जरा वेळानं म्हणाली, "सतरा लाख आमचे जाणार, खरं, घर कुणाकुणाचं आहे ते विचारा की ह्यांना."

घर वडिलोपार्जित. पुण्यात धाकटा दीर, गोव्यात दिलेली नणंद, आणि हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीपासनं मुलीचाही मुलाइतकाच हिस्सा. उद्या वाटणी निघाली तर वरचा मजला कुणाचा? तिची फ्लॅटची हौस वगैरे काही नव्हती, ही भीती होती, आणि सासऱ्यांसमोर हे बोललं की सून घर फोडायला निघाली असं होतं म्हणून ती फ्लॅट फ्लॅट करत होती. मला तिचं शंभर टक्के पटलं. सामायिक जागेवर तोंडी भरवशानं बांधू नका, भाऊ कितीही चांगला असला तरी. बँकसुद्धा कर्जाला सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या मागते.

विषय सुनेनं काढायचा नाही, मुलानं काढायचा, एवढं मी ठरवून दिलं. गणपतीला सगळे घरी आले तेव्हा त्यानं काढला. नणंदेनं हक्कसोडपत्र दिलं. दीर हिस्सा सोडायला तयार नव्हता (का सोडावा त्यानं?), मग रजिस्टर वाटणीपत्र झालं, वरची बाजू ह्यांना, खालची आईवडिलांच्या माघारी दिराला. कागदाचा खर्च खरेदीपत्राच्या मानानं किरकोळ. ज्या घरात अशा सह्या होणारच नाहीत त्यांनी मात्र महाग पडला तरी फ्लॅटच बघावा.

त्यानंतर इंजिनिअर आला, म्हणाला पुढच्या भिंती मातीतल्या आहेत, वजन घेणार नाहीत, मागच्या बाजूला जमिनीपासनं नवे कॉलम घ्या. अंदाज 22 लाखांवर गेला आणि वरती तीनच्या जागी दोनच खोल्या बसल्या. पावसाळ्याच्या आत स्लॅब पडला पाहिजे म्हणून आता तीच गवंड्याच्या मागं लागलीय.