एमएससाठी ८० लाख : अर्ज करण्याआधी कर्जाची मर्यादा ठरवा

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका असून मे २०३० मध्ये निवृत्त होईन. हाती ७६ हजार रुपये पगार येतो. पती खासगी नोकरीतून निवृत्त झाले असून त्यांना पेन्शन नाही. मुलगी २४ वर्षांची आहे. संगणक अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर गेली दोन वर्षे ती हिंजवडीत नोकरी करते आणि तिच्या हाती ६२ हजार येतात. ऑगस्ट २०२७ पासून अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्समध्ये एमएस, म्हणजे पदव्युत्तर पदवी, करण्याची तिची इच्छा आहे. सल्लागाराने आठ विद्यापीठांची यादी दिली असून दोन वर्षांचा खर्च ८० लाख सांगितला आहे. म्युच्युअल फंडात १५ लाख आणि माझ्या भविष्य निर्वाह निधीत १४ लाख आहेत. राहते घर तारण ठेवल्यास बँक ६० लाख द्यायला तयार आहे. घर तारण ठेवावे का? उरलेले ५ लाख निर्वाह निधीतून काढावेत का?

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या पत्रासोबत सल्लागाराने करून दिलेला तक्ता आहे. त्यात विद्यापीठाचे नाव, फी, राहण्याचा खर्च आणि अगदी शेवटी ‘अपेक्षित पगार’ असे रकाने आहेत. नोकरी मिळाली नाही किंवा व्हिसा पुढे चालू राहिला नाही आणि मुलीला परत यावे लागले, तर हप्ता किती आणि तो कोण भरणार, हा रकाना मात्र त्यात कोठेही नाही. माझे सगळे उत्तर त्या एका रकान्याभोवती आहे.

तो आधी भरून पाहू. साठ लाखांचे कर्ज चार सहामाह्यांत पंधरा-पंधरा लाख असे उचलले, व्याज १०.५ टक्के धरले आणि अभ्यासक्रमाची दोन वर्षे व त्यानंतरचे एक वर्ष असा तीन वर्षांचा सवलतीचा काळ धरला, तर या काळात सरळव्याजानेच सुमारे १४ लाख रुपये चढतात. म्हणजे हप्ता सुरू होईल त्या दिवशी डोक्यावर ६० नव्हे, ७४ लाख असतील. दहा वर्षांची मुदत घेतल्यास महिन्याचा हप्ता सुमारे १ लाख, पंधरा वर्षांची घेतल्यास सुमारे ८२ हजार. आता तारखांकडे पाहा. हप्ता सुरू होतो २०३० च्या उन्हाळ्यात आणि आपण सेवानिवृत्त होता त्याच वर्षी मे महिन्यात. घरातला एकमेव खात्रीचा पगार थांबण्याची आणि हप्ता सुरू होण्याची वेळ एकच आहे.

सगळे मनासारखे घडले तर काय होईल, हेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. तिला वर्षाला १ लाख डॉलरची नोकरी मिळाली, कर आणि काटकसरीचा खर्च जाऊन महिन्याला २,५०० डॉलर तिने कर्जात भरले आणि डॉलर ९० रुपये धरला, तर ७४ लाख फिटायला सव्वातीन वर्षे लागतात. विद्यार्थी व्हिसावर शिकलेल्यांना पदवीनंतर काम करण्याची जी मुभा मिळते, ती ओपीटी म्हणजे १२ महिने आणि विज्ञान-तंत्रज्ञान शाखांसाठी आणखी २४, असे एकूण ३६ महिने. त्यात पहिल्या १२ महिन्यांत ९० दिवसांहून अधिक काळ बेकार राहता येत नाही. म्हणजे चांगल्यात चांगल्या स्थितीतही तिची हक्काची सगळी मुदत कर्ज फेडण्यात संपते आणि तरीही थोडे शिल्लक राहते. पुढे टिकण्यासाठी एच-१बी हा नोकरीचा व्हिसा लागतो. त्याची वार्षिक मर्यादा ६५ हजार, आणि अमेरिकेत पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी वेगळे २० हजार एवढीच आहे, आणि निवड सोडतीने होते. डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नियमाने या सोडतीत वरच्या वेतनश्रेणीच्या अर्जांना झुकते माप दिले आहे. नुकतीच पदवी घेतलेली मुले बहुधा खालच्या श्रेणीत असतात. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर लादलेले १ लाख डॉलरचे शुल्क अमेरिकेतच राहून विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीवर जाणाऱ्यांना लागू नाही, असे तेथील प्रशासनाने पुढच्याच महिन्यात स्पष्ट केले, ही दिलाशाची गोष्ट आहे. परंतु एका घोषणेने किती उलथापालथ होऊ शकते हे त्यातून दिसलेच.

म्हणून मी मर्यादा उलट्या बाजूने काढतो. ती एमएस करून पुण्यात परतली आणि तिला १८ लाखांचे पॅकेज मिळाले असे धरू. हाती सुमारे सव्वा लाख येतील. त्यातून घरभाडे आणि स्वतःचे आयुष्य सांभाळून ४० हजारांचा हप्ता तिला झेपेल, त्याहून जास्त नाही. पंधरा वर्षांच्या मुदतीत या हप्त्यात सुमारे ३५ लाखांचे कर्ज बसते, तेही सवलतीच्या काळातले व्याज साचू दिले नाही तरच. पूर्ण रक्कम उचलल्यावर ते व्याज महिन्याला साधारण ३० हजार होते. आपल्या पगारातून ते २०३० पर्यंत भरता येईल. ओढाताण होईल, पण अशक्य नाही. अनेक बँका या काळात नियमित व्याज भरणाऱ्यांना दरात सवलतही देतात, ती मंजुरीपत्रात लिहून घ्यावी.

तेव्हा माझे मत असे, की कर्ज ३५ लाख आणि म्युच्युअल फंडातले १५ लाख मिळून ५० लाख, म्हणजे सुमारे ५५ हजार डॉलर, ही आपल्या घराची कमाल मर्यादा समजावी आणि विद्यापीठांची यादी त्या आकड्यात बसवावी. आधी प्रवेश मिळवायचा आणि मग पैसे जमवायचे, हा क्रम मी अनेक घरांत पाहिला आहे. प्रवेशपत्र हातात आले, नातेवाइकांनी पेढे खाल्ले, की नाही म्हणण्याची ताकद आईवडिलांत उरत नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेले एक गृहस्थ संभाषणाच्या मध्येच मोबाइल पुढे सरकवून हप्ता कापल्याचा संदेश दाखवत होते. मुलगा परत आला होता, नोकरीही लागली होती, आणि तरीही दर महिन्याच्या पाच तारखेला वडिलांच्या पेन्शनमधून ३४ हजार जात होते. ती वेळ आपल्यावर येऊ नये, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

घर तारण ठेवण्याला माझा विरोध नाही. तारण दिल्यावर सरकारी बँकेचा व्याजदर कमी पडतो, आणि विनातारण कर्जातही सहकर्जदार म्हणून आपली सही असतेच, त्यामुळे जबाबदारी टळत नाही. माझा आक्षेप रकमेला आहे. घर गहाण टाकताना मुलीच्या नावे कर्जाएवढ्या रकमेचा टर्म इन्शुरन्स आवर्जून घ्यावा. या वयात त्याचा हप्ता तुलनेने अल्प असतो. भविष्य निर्वाह निधीला मात्र हात लावू नये. पतींना पेन्शन नाही, म्हणून आपले निवृत्तिवेतन आणि हे १४ लाख यांवर दोघांचे म्हातारपण आहे.

यादीचे काय करावे? सल्लागाराला विद्यापीठांकडून कमिशन मिळते का, हे स्पष्ट विचारावे. प्रत्येक अर्जाला साधारण ७५ ते १२५ डॉलर लागतात, त्यामुळे आठ अर्जांतच ७० हजारांच्या आसपास रुपये जातात. मर्यादेबाहेरच्या ठिकाणी हौसेने अर्ज करू नये. अनेक विभागांनी जीआरई ही प्रवेशपरीक्षा ऐच्छिक केली आहे, तेव्हा परीक्षेचे पैसे भरण्याआधी पाहून घ्यावे. प्राध्यापकाच्या हाताखाली काम मिळून फी माफ होईल, या आशेवर अंदाजपत्रक बांधू नये. एमएसला ती सोय मोजक्यांना मिळते. तिची ओढ खरोखर संशोधनाकडे असेल, तर पीएचडीचा विचार करावा, कारण तेथे बहुतेक चांगल्या विभागांत फी माफ असते आणि विद्यावेतनही मिळते.

जर्मनी या मर्यादेत सहज बसते. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, राहण्याच्या खर्चासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, दाखवावे लागतात. म्युनिकचे तांत्रिक विद्यापीठ मात्र २०२४ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून शुल्क घेते. आपल्याकडे गेट ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटीत एमटेक करता येते. महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते, पण दोन वर्षांचा बुडालेला पगार, सुमारे १५ लाख, तेथेही खर्च म्हणून धरायला हवा. जॉर्जिया टेक या अमेरिकी विद्यापीठाची २०१४ पासून सुरू असलेली ऑनलाइन एमएस दहा विषयांची असून १० हजार डॉलरच्या आत पूर्ण होते आणि हिंजवडीची नोकरीही चालू राहते. तिच्या जोरावर अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा किंवा ओपीटी मिळत नाही. नेमका हाच प्रश्न मुलीला शांतपणे विचारावा : तिला विषयाचे ज्ञान हवे आहे की अमेरिकेतली नोकरी? दोन्ही इच्छा रास्त आहेत, परंतु ८० लाखांतला मोठा भाग दुसरीसाठी मोजला जातो.

कराबाबत दोन गोष्टी. प्राप्तिकरात शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट (जुन्या कायद्यातले कलम ८०ई) आठ वर्षे मिळते आणि तिला कमाल मर्यादा नाही, पण ती फक्त जुन्या करप्रणालीत. व्याज आपण भरणार असल्याने कर्जात आपले नाव कर्जदार म्हणून असावे आणि दोन्ही प्रणालींचा हिशेब दरवर्षी करावा. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून परदेशी पाठवलेल्या रकमेवर एप्रिल २०२५ पासून टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर, कापला जात नाही. स्वतःच्या पैशातून पाठवताना एका आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत सूट आहे, म्हणून फंडातले १५ लाख दोन आर्थिक वर्षांत विभागावेत. हे पैसे वर्षभरात लागणार असल्याने ते शेअर बाजारातल्या फंडांतून टप्प्याटप्प्याने काढून लिक्विड फंडात किंवा मुदतठेवीत ठेवण्यास आताच सुरुवात करावी. कर्ज रुपयांत मंजूर होते आणि फी डॉलरमध्ये भरायची असते. दुसऱ्या वर्षी डॉलर महागला तर तूट पडते, म्हणून ५० लाखांतले ५ लाख कोणत्याही फीसाठी मोजू नयेत.

मुलीने दरम्यान दरमहा २५ हजार बाजूला टाकले, तर निघेपर्यंत प्रवास, व्हिसा आणि पहिल्या महिन्याचे भाडे तिच्या स्वतःच्या पैशातून होईल. प्रवेशाची पत्रे साधारण मार्च-एप्रिलमध्ये येतील. त्यांपैकी जी ५५ हजार डॉलरच्या आत बसतात तेवढीच, बँकेच्या मंजुरीपत्राच्या प्रतीसह मला पाठवावीत. व्याजाच्या अटी आणि हप्त्याचा तक्ता मी स्वतः तपासून देईन.