लक्षण, गाईचा कान आणि चाचणीची ‘अचूकता’

विचारणा अशी आहे: बायोमार्करला, म्हणजे शरीरातल्या ज्या मोजता येणाऱ्या गोष्टीवरून रोग ओळखतात तिला, ‘लक्षण’ म्हटलं तर चालेल का, आणि चाचणीची सेन्सिटिव्हिटी म्हणजेच तिची अचूकता का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ही चूक ऐकून कान किटले आहेत. नाही! हजार माणसांत दहाच आजारी असतील आणि एखादी चाचणी डोळे मिटून सगळ्यांना ‘निगेटिव्ह’ सांगत सुटली, तरी तिची अचूकता ९९ टक्के भरते. रोगी मात्र एकही सापडलेला नसतो. खऱ्या रोग्यांपैकी किती सापडले, ती सेन्सिटिव्हिटी, इथे शून्य. निरोगी माणसांपैकी कितींना बरोबर ‘नाही’ म्हटलं, ती स्पेसिफिसिटी. इथे शंभर टक्के. या दोन्ही गोष्टी एका ‘अचूक’ शब्दात कोंबल्या की कुणालाच काही कळत नाही.

आता लक्षण. आज आपण खोकला, अंगदुखी यांना लक्षणं म्हणतो. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन हे प्रथिन रोग्याला जाणवत नाही, ते मोजावं लागतं. म्हणून आजच्या अर्थानं बायोमार्करला लक्षण म्हणू नये. पण शब्दाचा जुना अर्थ पाहा! पाणिनीचं एक सूत्र आहे (६.३.११५): ‘कर्ण’ शब्दाआधी लक्षणवाचक शब्द आला की, काही अपवाद सोडून, त्याचा अंत्य स्वर दीर्घ होतो. उदाहरण ‘दात्राकर्ण’, म्हणजे ज्याच्या कानावर विळ्याची खूण आहे असं जनावर. इथे लक्षण म्हणजे जनावराचा मालक ओळखू यावा म्हणून केलेली खूण, असं काशिकावृत्ती ही पाणिनीवरची जुनी टीका स्पष्ट सांगते. मार्कर म्हणजे तरी दुसरं काय?

आणि लक्षणाची, म्हणजे वस्तू ओळखायच्या व्याख्येची, परीक्षा कशी करायची, हे नैयायिकांनी (न्यायशास्त्राच्या पंडितांनी) पुन्हा जनावरावरच, गाईवर शिकवलं. अन्नंभट्टानं आपल्याच ‘तर्कसंग्रहा’वर लिहिलेल्या ‘दीपिका’ या टीकेतली उदाहरणं आहेत ही. ‘तांबूस रंगाची ती गाय’ म्हटलं तर पांढऱ्या गाई सुटतात: अव्याप्ती. ‘शिंगं असलेली ती गाय’ म्हटलं तर म्हशीही आत येतात: अतिव्याप्ती. आता प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी करतात ती पीएसए चाचणी घ्या. ग्रंथी साधी वाढली किंवा तिला संसर्ग झाला तरी पीएसए वाढतं, ही अतिव्याप्ती. कर्करोग असूनही कधीकधी ते वाढलेलं नसतं, ही अव्याप्ती. समजा, एखाद्या चाचणीची सेन्सिटिव्हिटी ९० टक्के, म्हणजे अव्याप्ती १० टक्के. स्पेसिफिसिटी ९५ टक्के म्हणजे अतिव्याप्ती ५ टक्के. ज्याच्या वर गेलं की ‘पॉझिटिव्ह’ म्हणायचं, तो उंबरठ्याचा आकडा खाली आणला की अव्याप्ती घटते, अतिव्याप्ती वाढते.

यावर एक शास्त्री मला म्हणाले, न्यायातली व्याप्ती वेगळी, ‘जिथे धूर तिथे अग्नी’ ही. मान्य, पण तो अनुमानाचा प्रांत आहे आणि मी लक्षणदोषांबद्दल बोलतोय. शिवाय पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी खरे रोगी किती, हा तिसरा आकडा त्यांच्या धुराजवळ जातो: खूण दिसली, तर रोग आहे का? हा आकडा, रोग त्या लोकांत किती पसरला आहे, त्यावर बदलतो, म्हणून तो चाचणीच्या एकटीच्या नावावर लिहिता येत नाही.

परिभाषा घडवणाऱ्यांनी मात्र सेन्सिटिव्हिटीला ‘संवेदनशीलता’ करून टाकलं. कवी संवेदनशील, त्वचा संवेदनशील, मतदान केंद्र संवेदनशील, आणि चाचणीही! त्यातून प्रयोगशाळेत याच शब्दाचा आणखी एक अर्थ आहे: यंत्राला पदार्थाचं किती कमी प्रमाण पकडता येतं. यंत्र त्या अर्थानं कितीही तल्लख असलं तरी रोगी सुटू शकतात. सांख्यिकीतज्ज्ञ येरुशाल्मी यांनी १९४७ साली क्ष-किरण निदानाच्या संदर्भात सेन्सिटिव्हिटी-स्पेसिफिसिटी ही जोडी मांडली, तेव्हा त्यांना मोजायचे होते ते सुटलेले आणि उगाच पकडलेले. ‘संवेदनशीलता’ या शब्दातून हे सुटणं-पकडणं मला तरी कुठे ऐकू येत नाही.

बायोमार्करला मी ‘जैवखूण’ म्हणतो.