त्सुकिओका योशितोशी यांना उकियो-ए या लाकडी ठशांनी छापलेल्या जपानी चित्रांच्या परंपरेतले शेवटचे मोठे चित्रकार का म्हणतात?

कारण त्यांच्या हयातीतच लाकडी ठशांच्या चित्रांचे दिवस फिरले होते. १८३९ मध्ये एदो (आजचे टोकियो) येथे जन्मलेले आणि १८५० पासून उकियो-ए चित्रकार कुनियोशी यांच्याकडे शिकलेले योशितोशी ऐन उमेदीत असताना जपानमध्ये सम्राटाची मेइजी राजवट (१८६८ पासून) आली, आणि छायाचित्रे व शिळाछाप यांनी या चित्रांचे गिऱ्हाईक हळूहळू ओढून नेले; त्यांनी स्वतः वृत्तपत्रांसाठीही चित्रे काढली. तरीही १८८५ ते १८९२ या काळातल्या चंद्रावरच्या शंभर चित्रांच्या मालिकेत जुनी कारागिरी पुरेपूर दिसते: शाई न लावता नुसत्या दाबाने कागदावर आणलेला उठाव, किंवा काळ्या रंगावर घासून काढलेली नक्षी, जी कागद तिरपा धरल्यावरच उमटते. ‘शेवटचे’ हे विशेषण मात्र थोडे सैल आहे, कारण याच परंपरेतले चित्रकार कियोचिका त्यांच्या मागे १९१५ पर्यंत हयात होते.