इंडस-२ वर पहिल्यांदा नमुने नेताना

इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर (तीव्र क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्रावर) तुला बीमटाइम, म्हणजे प्रयोगासाठी राखून ठेवलेला वेळ मिळाला, फार छान झालं! आता एक काम आजच कर: नमुन्यांची यादी तुझ्या बीमलाइनच्या (यंत्रातले किरण नमुन्यापर्यंत आणणाऱ्या प्रयोगाच्या जागेच्या) शास्त्रज्ञांना पाठव. पदार्थ कोणता, किती मिलिग्रॅम, विषारी की ज्वलनशील, सगळं. केंद्र अणुऊर्जा विभागाचं आहे, म्हणून हेही कर. लॅपटॉप, हार्ड डिस्क, स्वतःचा पंप, हीटर, जे नेणार असशील त्याची परवानगी आधी विचारून घे आणि सिरियल नंबरसकट यादी जवळ ठेव.

नमुने थंड ठेवायला नेशील त्या कोरड्या बर्फाचं, म्हणजे गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडचं, मात्र नीट ऐक. तो उणे 78 अंशांना थेट वायू होतो. पहिल्या खेपेला मी थर्माकोलच्या डब्याला चारही बाजूंनी चिकटपट्टी मारली होती. वाटेत झाकण फुगलं, फटकन उडालं आणि कुप्या सीटखाली घरंगळत गेल्या. वायू बाहेर पडायला फट हवीच, आणि गाडीची काच थोडी खाली. बंद गाडीत कार्बन डायऑक्साइड साचला तर जिवावर बेतू शकतं.

पावडर दुहेरी पिशवीत भर. लेबल पेन्सिलीने लिही, पेनाची शाई अल्कोहोलने पुसली जाते. उरलेले नमुने परत आणायलाही डबे ने.