नोकरीसाठी बाहेर असलेल्या मुलाची खोली घरच्यांनी मिळून नव्याने करायची आहे. त्याला सरप्राइज द्यावं का? सुरुवात कुठून करावी?

सरप्राइज देऊ नका. घाईत असाल तर एवढंच वाचलंत तरी चालेल.

मुलगा 24 वर्षांचा, वर्षातून तीन-चारदा घरी येतो आणि खोली अजून शाळकरी पोराची आहे, असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडे मुलीच्या खोलीचं हेच होतं. ती बाहेरगावी असताना एका रविवारी आम्ही नवरा-बायकोने उत्साहाच्या भरात तिचं कपाट उपसलं. जुन्या वह्या, वाळलेली स्केचपेनं, झाकण न लागणारा कंपास आणि एक पत्र्याचा डबा. डब्यात बसची तिकिटं, चॉकलेटचे नखाने घासून सपाट केलेले चंदेरी कागद, दोन गोट्या आणि कुणाच्या तरी अक्षरातल्या चार-पाच चिठ्ठ्या. चिठ्ठ्या न वाचता ठेवल्या, एवढी अक्कल होती. तिकिटं आणि कागद रद्दीत गेले. रात्री फोनवर मोठ्या कौतुकाने सांगितलं, तर ती भांडलीसुद्धा नाही. नुसतं "बरं" म्हणाली. पुढे दोन महिने तिने खोलीचा विषयच काढला नाही.

तेव्हा सुरुवात रंगापासून नाही, कपाटापासून, आणि कपाट त्याचं त्यानेच आवरायचं. ती पुढच्या सुट्टीत आली तेव्हा दीड दिवस फरशीवर बसून होती. आम्ही फक्त मागितली तेव्हा पिशवी द्यायची. शेवटी तिने एक खोकं चिकटपट्टीने बंद केलं आणि वर मार्करने "हात लावू नका" लिहिलं. ते आजही तसंच आहे. गंमत म्हणजे आम्ही जिवापाड जपलेली बक्षिसं तिने क्षणात बाजूला काढली!

दुसरं काम जरा अवघड. घरातल्या प्रत्येकाला त्या खोलीतून काय हवंय, ते तोंडाने बोलून टाका. आमच्याकडे आजोबांना खिडकीजवळ खुर्ची हवी होती, हिला शिलाई मशीन ठेवायचं होतं आणि धाकट्याला आख्खी खोलीच हवी होती. सगळे "ताईसाठी करतोय" म्हणत होते, डोळा मात्र प्रत्येकाचा आपापल्या कोपऱ्यावर. तासभर वादावादी झाली आणि ठरलं ते असं: पलंग, एक कपाट आणि भिंतीचा रंग तिचा. खिडकी आजोबांची. मशीन भिंतीला लागून, पण ती येईल तेव्हा झाकलेलं. धाकट्याला अभ्यासाला टेबल, झोपायला नाही. तो अजून कुरकुरतो.

सामान लावायच्या आधी फरशीवर चिकटपट्टीने पलंगा-टेबलांचे चौकोन आखा आणि त्यातून चालून बघा. सिंगल पलंग साधारण 3 बाय 6 फुटांचा असतो. त्याच्या बाजूने दोन-अडीच फूट वाट उरली नाही, तर रोज कुणाचा तरी गुडघा आपटणार. कपाटाचं दार उघडून किती पुढे येतं, तेही मोजा. आम्ही कागदावर सुंदर आराखडा काढला होता, त्यात दार उघडतच नव्हतं.

रंगाचं काम घरच्यांनी करण्यासारखं आहे, फक्त भिंतीला ओल नको. ओल असेल तर आधी पाणी कुठून येतंय ते शोधून बंद करा. नाहीतर वरून कितीही लांबी (पुट्टी) भरा, पोपडे निघणारच. जुना ऑइल पेंट असेल तर कोरडा घासू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्याची धूळ लहान मुलांना फार वाईट. पॉलिश पेपर ओला करून घासा, तोंडाला चांगला मास्क लावा आणि मुलांना त्या खोलीपासून लांब ठेवा. आमची भिंत साध्या डिस्टेंपरची होती, म्हणून आजोबांनी स्टुलावर बसून, मास्क लावून, हात पोचेल तिथपर्यंतची भिंत 120 नंबरच्या कागदाने घासली. दिवसाला चार फूट. घाई करायची नाही, हे त्यांनी आधीच बजावलं होतं.

रोलर सगळ्यांनाच हवा असतो. खरं कौशल्य कडांना ब्रश मारण्यात आहे. ते काम ज्याचा हात स्थिर त्याला द्या, आमच्याकडे ते हिने केलं. मास्किंग टेप शेवटचा कोट ओलसर असतानाच काढायची, पूर्ण वाळल्यावर ओढलीत तर रंगाची साल निघते.

आमची फजिती मार्करने केली. आठवीत असताना तिने दाराशेजारी भिंतीवर वेळापत्रक लिहिलं होतं. त्यावर दोन कोट मारले तरी "सोमवार, भूगोल" जांभळट होऊन वर येतंच होतं. पाण्यात कालवलेला रंग ती शाई विरघळवून वर ओढतो, त्यामुळे तिसऱ्या कोटानेही भागत नाही. तेवढ्या भागावर ऑइल प्रायमर मारून रात्रभर वाळू दिला, मग बसलं. तुमच्या मुलाने भिंतीवर पेन चालवलं असेल तर हे आधीच करा.

शेड मोबाइलवर बघून ठरवू नका. तिने फोनवर राखाडी निवडला. तो आम्ही भिंतीवर दोन फुटांच्या चौकोनात लावून बघितला, तर दिवसा ठीक आणि रात्री पिवळ्या दिव्यात मळकट मातकट. दिवा बदलला की रंग बदलतो. उजेडाचा रंग केल्विनच्या आकड्यात सांगतात: 2700 केल्विनचा दिवा पिवळा, 6500 चा निळसर पांढरा. आम्ही मधला, 4000 चा घेतला आणि शेड एक पायरी फिकी केली.

छताला हात लावायचा नाही, हे तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिथे सहावीत चिकटवलेले रेडियमचे तारे आहेत. नावापुरतंच रेडियम, खरं तर ती उजेड शोषून अंधारात हळूहळू सोडणारी पूड असते. भिंतीवर उतरलेले तीन तारे मात्र काढावे लागले. हेअर ड्रायरची ऊब दिली की गोंद सैल होतो.

आणि रंग संपवू नका. अर्धा लिटर तरी घट्ट झाकून ठेवा, झाकणावर शेडचा नंबर आणि तारीख लिहा. आमच्या नव्या भिंतीला पहिला ओरखडा पलंग आत घेतानाच पडला.