पॅसिफिक तापल्याने इथला पाऊस खरंच अडतो का?

पॅसिफिक महासागर कुठे, आपण कुठे, तिथलं पाणी तापल्याने इथला पाऊस खरंच अडतो का, असं तुम्ही विचारलंय. अडतो. आमच्या घरात 2023पासून यावरूनच वाद आहे.

आमचं शेत गोव्यात पेडण्याला, मोरडावर, म्हणजे पावसाच्याच पाण्यावर पिकणाऱ्या उंचवट्याच्या जमिनीत. त्या वर्षी जूनमध्येच एल निनो, म्हणजे पॅसिफिकचं हे तापणं, सुरू झाल्याचं जाहीर झालं होतं. जुलैत पाऊस धो धो कोसळला, सरदाची, म्हणजे पावसाळी भाताची, लावणी आटोपली आणि ऑगस्टमध्ये आभाळ कोरडं ठणठणीत. मी दादाला म्हटलं, ओहळावर पंप बसवूया. तो म्हणाला, "यंदा अधिक महिना आहे, खरा श्रावण अजून लागायचाय." निज श्रावण 17 ऑगस्टला लागला. पडल्या त्या चार सरी. भात पोटरीत आणि जमिनीला करंगळी शिरेल अशा भेगा! मळणीनंतर सुपात घेऊन पाखडलं तर बरंचसं वाऱ्यावरच गेलं, सगळं पोचट. देशात तो ऑगस्ट 1901पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. अधिक महिना साधारण दर तीन वर्षांनी येतो, असा ऑगस्ट येत नाही.

एरवी पॅसिफिकचं गरम पाणी इंडोनेशियाच्या बाजूला असतं, एल निनोत ते पूर्वेकडे सरकतं आणि पावसाचे ढगही त्याच्यामागे जातात. तिथे वर चढलेली हवा कुठेतरी उतरणारच. ती इंडोनेशियावर, आपल्या बाजूला उतरते आणि उतरत्या हवेत ढग वाढत नाहीत. ढगांनी सोडलेली उष्णता वरच्या वाऱ्यांत लाटा उठवते, त्या पार उत्तर अमेरिकेपर्यंत पोचतात. आपला मान्सूनही हेच करतो. ग्रीसकडचा उन्हाळा कोरडा राहतो त्यात त्याचा वाटा आहे. दादा याला परदेशी खूळ म्हणतो. गिल्बर्ट वॉकर 1904 ते 1924 भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख होते, आपल्याच पावसाचा अंदाज बांधायला त्यांनी देशोदेशीच्या हवेच्या दाबाच्या नोंदी ताडून पाहिल्या आणि त्यातून पॅसिफिकचा हा झोका, एका बाजूला दाब वाढला की दुसऱ्या बाजूला घटतो तो, हाती लागला.

दादा 1997 काढतो. ते मात्र खरं आहे. तेव्हा एल निनो प्रचंड होता, तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला. हिंदी महासागराची पश्चिम बाजू तापली तर ती आपल्याला तारू शकते. म्हणजे एल निनो आला की दुष्काळ पडतोच असं नाही, धोका वाढतो. पण तुमचं शेत मोरडावर असेल तर अशा वर्षी जुलैतच पंप तयार ठेवा, घरातलं मोठं माणूस काहीही म्हणो. आमचा गोठ्यात आहे, त्याच सप्टेंबरात आणलेला, भात गेल्यावर.